खाणीला 'नाही' म्हणायचा हक्क आदिवासींना असावा का?

शिळालेख (धागाकर्ता)

२४ मे २०२०. ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारा भागात जूकन घळीत लोहखनिजासाठी सुरुंग लावले आणि दोन शैलाश्रय (खडकांच्या कपारीतले निवारे) नाहीसे झाले. माणसाचा तिथला वावर ४६ हजार वर्षं मागे जात होता. उत्खननात केसांच्या वेणीचा सुमारे ४ हजार वर्षं जुना तुकडा मिळाला होता. त्यातला डीएनए तिथल्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. त्यांच्याच कुणा पूर्वजाचे केस होते ते. हे वाचल्यापासून मनातून जात नाही.

कंपनीने, म्हणजे रिओ टिंटोने, कायदा मोडला नव्हता हे मला जास्त गंभीर वाटतं. परवानगी २०१३ ची, वेणी सापडली २०१४ मध्ये. नवं काही हाती लागलं तरी दिलेली परवानगी पुन्हा तपासायची सोय पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या १९७२ च्या वारसा कायद्यात नव्हती. संसदीय चौकशीत पुढे आलं की खाण वाढवण्याचे चार पर्याय होते, त्यातले तीन शैलाश्रय वाचवणारे. ते या लोकांसमोर ठेवलेच नव्हते.

ज्यांची जमीन, त्यांना 'नाही' म्हणता आलं पाहिजे आणि ते पाळलं गेलं पाहिजे, असं माझं मत आहे.

खनिजवेध

जूकनचं समर्थन मी करणार नाही. पण मी सर्वेक्षणात आयुष्य काढलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कारखाना दुसरीकडे हलवता येतो, खाण नाही. तांबं जिथे आहे तिथेच खणावं लागतं. विजेची वाहनं, पवनचक्क्या सगळ्यांना हव्यात, त्यांचं तांबं आणि निकेल येणार कुठून? बहुतेक देशांत भूगर्भातलं खनिज सरकारचं, म्हणजे सगळ्या जनतेचं असतं. चार पाड्यांनी ते अडवावं का?

संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्याचं कलम ३२ वाचा. संमती मिळवण्यासाठी सरकारने सद्भावनेने चर्चा करावी, असं त्यात आहे. नकाराधिकार हा शब्द नाही.

आणि सगळीकडे अन्यायच होतो असंही नाही. अलास्कातली रेड डॉग ही जस्ताची खाण तिथल्या मूळनिवासी इनुपियाट लोकांच्याच जमिनीवर १९८९ पासून चालू आहे. त्यांना नोकऱ्या मिळतात, नफ्यात वाटा मिळतो.

शिळालेख

रेड डॉगमुळे माझंच म्हणणं पक्कं होतं. १९७१ च्या कायद्याने ती जमीन त्यांच्या महामंडळाकडे आली, म्हणून सौदा बरोबरीने झाला. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याशी कुणी नफा वाटून घेत नाही.

कलम ३२ सोबत कलम १० पण वाचा. संमतीशिवाय गाव हलवायचं नाही, असं ते स्पष्ट म्हणतं.

ओडिशातलं नियमगिरी आठवा. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला. डोंगरिया कोंध तो डोंगर देव मानतात. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या (ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या) खाणीला नकार दिला. पण पायथ्याशी लांजीगडचा शुद्धीकरण कारखाना त्याआधीच उभा होता. पैसा ओतून झाल्यावर लोकांना विचारलं, तर ते विचारणं कसलं?

रानवारा

तुम्ही दोघंही 'ते लोक' म्हणताय, जणू सगळे एकाच मताचे. सही कुणाची घ्यायची हे कोण ठरवतं?

पापुआ न्यू गिनीतल्या बुगनविल बेटावर बऱ्याच समाजांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. १९६९ मध्ये तिथल्या पांगुना या तांब्याच्या खाणीच्या बंदरासाठी जमीन घेतली जात होती तेव्हा रोरोवाना गावच्या बायका पोलिसांसमोर उभ्या राहिल्या. तरी खाण झालीच. नदीत गाळ सोडला. मोबदल्यावरून जमीनमालकांच्या जुन्या आणि तरुण पिढीत फूट पडली. १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं युद्धात गेली.

म्हणून नुसता नकाराचा हक्क देऊन भागत नाही. तो हक्क गावातल्या चार पुढाऱ्यांच्या खिशात जाऊन बसतो. कंपनीने एका गटाला गाडी घेऊन दिली की झाली संमती. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून पोटतिडकीने लिहितेय.

खनिजवेध

रानवारा, तुमचं पटलं. एक कबूलही करतो. ड्रिलिंगला जायचो तेव्हा आम्ही गावाला सांगायचो, विचारायचो नाही. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, आता वाटतं. रिग गावात शिरण्याआधी विचारलं पाहिजे, हे मान्य.

पण एकदा दिलेला नकार कायमचा, हे मान्य नाही. पुढच्या पिढीला खाण हवी असेल तर?

रानवारा

मग ती पिढी सांगेल. तुमच्या 'खनिज सरकारचं' याला बुगनविलमध्येच उत्तर आहे. २०१५ च्या तिथल्या खाण कायद्याने खनिजावर पारंपरिक जमीनमालकांचा हक्क मानला आणि सर्वेक्षणाच्या परवान्यापासूनच त्यांना नकाराचा अधिकार दिला. एवढं सोसून त्यांनी हा कायदा केला.

शिळालेख

खनिजवेध, पुन्हा विचारायला माझी हरकत नाही. दर दोन वर्षांनी नवा अधिकारी, नवा करार घेऊन दारात येऊन लोकांना दमवायला मात्र हरकत आहे. किती वर्षांनी आणि कुणी विचारायचं, हे गावाने आधीच लिहून ठेवावं. आणि तोवर पायथ्याशी कारखाना उभा राहता कामा नये.