बोक्याचं तोंड आलंय, ताप येतो-जातो, एफआयव्ही (मांजरांचा एड्ससारखा व्हायरस) असेल का? (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये पण वाचा प्लीज. आमचा गुंड्या, मूळचा गल्लीतला बोका, पावसाळ्यात दारात आला तो राहिलाच. नसबंदी अजून झालेली नाही, रात्री बाहेर मारामाऱ्या चालूच, मध्ये मानेवर चावल्याचं गळू झालं होतं ते बरं झालं. पण हल्ली सारखा ताप येतोय, औषधाने उतरतो आणि कोर्स संपला की परत. वाटी वाजली की सगळ्यात आधी धावत येतो, एक घास घेतो आणि तोंड वाकडं करून मागे सरकतो, पंजाने गाल घासत बसतो. म्हणजे भूक आहे हो त्याला! काल सासूबाईंनी धरला नि मी ओठ वर करून पाहिलं तर दातांच्या मुळाशी लालभडक रेघ, आत घशाकडे सूज, वास तर विचारूच नका. पाठीचा कणा हाताला लागायला लागलाय.

इथले डॉक्टर दर वेळी तेच अँटिबायोटिक देतात. नेटवर एफआयव्ही आणि मांजरांच्या ल्युकेमिया व्हायरसबद्दल वाचून झोप उडालीये, कारण दुसरी मांजर ठमी त्याच्याच वाटीत खाते आणि मुलगी त्याला कुशीत घेऊन झोपते. सासूबाई म्हणतात एड्सवालं जनावर घरात नको. टेस्ट आत्ताच करू का, आणि नवी मुंबईत होते की थेट परळचं बैलघोडा (जनावरांचं हॉस्पिटल) गाठू?

माऊवेडी_ठाणे: आधी सासूबाईंना सांगा, हे दोन्ही व्हायरस माणसाला होत नाहीत. टेस्ट आत्ताच करा, थोडंसं रक्त लागतं, किटवर दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही कळतात. किट बऱ्याच क्लिनिकमध्ये असतं, फोन करून विचारा, उगाच परळपर्यंत पिंजरा घेऊन जाऊ नका. एक लक्षात ठेवा, एफआयव्हीच्या टेस्टमध्ये अँटिबॉडी बघतात आणि त्या तयार व्हायला दोन महिनेसुद्धा लागू शकतात, म्हणून चावा ताजा असेल तर निगेटिव्ह आल्यावरही ६० दिवसांनी परत करायची. ठमीचीही करा. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून जातो, वाटीतून सहसा नाही, पण ल्युकेमिया लाळेतून, चाटण्यातून, एका वाटीत खाण्यातूनही जातो. रिपोर्ट येईपर्यंत वाट्या आणि खोल्या वेगळ्या. आणि मांजरांची नेहमीची तीन आजारांवरची ट्रायकॅट लस दिलीये म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात हे दोन्ही येत नाहीत.

बोकेबाज: +१. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झालंय, मग थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. तोंड कॅलिसी व्हायरसने किंवा किडनीमुळेही येतं, त्यामुळे सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि किडनी प्रोफाइल सोबतच करून घ्या. तापाला घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे. आमचा बोका एफआयव्ही पॉझिटिव्ह आहे, खराब दाढा काढल्यावर व्यवस्थित खातो, वर्षानुवर्षं जगतात हो असे. फक्त त्याला आता बाहेर सोडत नाही, तब्येत सुधारली की नसबंदी तुम्हीही उरकाच.

धागाकर्ती: खूप आभार! ठमीला बेडरूममध्ये हलवलंय, ती दारावर नखं मारतेय. उद्या सकाळी फोन करते, दोघांचे रिपोर्ट इथेच टाकेन. दाढा काढल्यावर सुरुवातीला काय खायला देत होतात?

बोकेबाज: उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून, कोमट. मीठ-मसाला काही नाही.