पैसा ओतला की ऑस्कर मिळतं?

मध्यंतर:
काल तिकीटबारी यांनी लिहिलं, "ऑस्करचे मतदार सिनेमे बघतच नाहीत. ज्याच्या जाहिराती जास्त, त्याला मत." खाली +१ ची रांग लागली. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

पैशाने मत मिळत असतं तर २०२० साली नेटफ्लिक्सचा 'द आयरिशमन' १० नामांकनं घेऊन रिकाम्या हाताने परतला नसता. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी 'रोमा'साठी पाण्यासारखा पैसा ओतला. दिग्दर्शनाचं मिळालं, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं 'ग्रीन बुक'ने नेलं. पैशाने फार तर मतदार तुमचा सिनेमा लावून बसतो.

मी एकदा एका लघुपट महोत्सवाचा परीक्षक होतो. ३ दिवसांत ६४ फिल्म. दुसऱ्या रात्री अकरा वाजता एका फिल्मपुढे मी वहीत "संथ" लिहिलं आणि गुण कापले. घरी येऊन ती पुन्हा पाहिली तर संथ अजिबात नव्हती. मीच दमलो होतो. आणि एका दुपारी जेवताना आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "ती आजोबांची फिल्म डोक्यातून जातच नाही." संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांच्या पहिल्या पाचात! कुणी कुणाला छदाम दिला नव्हता. मत फिरतं ते असं. काय कधी पाहिलं आणि शेजारचा काय बोलला, यावर.

तिकीटबारी:
तुमच्या ६४ लघुपटांवरून दहा हजार मतदारांचा निकाल लावलात. १९९९ विसरलात? 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ला दिग्दर्शनाचं दिलं आणि चित्रपटाचं 'शेक्सपिअर इन लव्ह'ला. 'शेक्सपिअर इन लव्ह'च्या मिरामॅक्स कंपनीने त्या हंगामात जी प्रचाराची मोहीम चालवली, तिच्यानंतर सगळ्या स्टुडिओंना तोच खेळ खेळावा लागला.

आणि मतदार सिनेमे बघत नाहीत हे मी मनाने लिहिलेलं नाही. विभागातले सगळे नामांकित सिनेमे पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही, असा सरसकट नियम ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२५ मध्ये केला. सगळे आधीपासून बघत होते तर नियम कशाला लागला?

रीळवाली:
थोडं अवांतर, पण राहवत नाही. मी १८ वर्षं संकलन करतेय. संकलनाची नामांकनं अकादमीतले संकलक ठरवतात इथवर ठीक. अंतिम फेरीत मात्र वेशभूषावाले, प्रसिद्धीवाले, सगळेच संकलनाला मत देतात. म्हणून २०१९ मध्ये संकलनाचं ऑस्कर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला! त्यात पबच्या बाहेर टेबलाशी बसून नुसत्या गप्पा चालल्यात आणि दर सेकंदाला कट. बोलणाऱ्याचा चेहरा धड दिसायच्या आत दुसरा चेहरा. जे दिसतं त्यालाच लोक संकलन समजतात. मी एकदा आईच्या चेहऱ्यावरचा शॉट १४ फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, जास्त ठेवला, त्यासाठी दिग्दर्शकाशी दोन दिवस भांडले. प्रेक्षकांत कुणाला कळलं नाही. कळू नये म्हणूनच ठेवला होता. त्याला कोण मत देणार?

खुर्ची क्र. १२:
रीळवालीताई, त्याच वर्षी अमेरिकन संकलकांच्या संघटनेनेही, म्हणजे एडी पुरस्कारांत, नाट्य विभागात याच सिनेमाला निवडलं होतं. तिथे वेशभूषावाले नव्हते. तुमचेच लोक होते.

रीळवाली:
माहीत आहे. तेच तर जास्त लागतं.

खुर्ची क्र. १२:
मग दोष बाकीच्या शाखांवर का टाकलात?

रीळवाली:
बरं, तेवढं मागे घेते. पण संकलकांनी तरी का दिलं? चित्रीकरण संपत आलेलं असताना दिग्दर्शकाला काढलं, दुसऱ्याने उरलेलं पूर्ण केलं, आणि त्या तुकड्यांमधून सिनेमा उभा केला तो संकलन टेबलावर. अशी वेळ काय असते ते आम्हाला माहीत असतं. मत त्या कष्टांना गेलं. पबचा प्रसंग आपल्याला नव्याने कापायला आवडेल, असं त्या संकलकानेच नंतर सांगितलंय.

मध्यंतर:
म्हणजे माझंच म्हणणं झालं. मत कहाणीला जातं. २०२३ मध्ये अँड्रिया राइजबरोला अभिनयाचं नामांकन मिळालं तेव्हा पाठीशी कुठला मोठा स्टुडिओ होता? ओळखीच्या नटनट्यांनी एकमेकांना सांगितलं, बस्स.

तिकीटबारी:
"ओळखीच्या"! मध्यंतर, स्वतः काय लिहिलंत ते वाचा. हॉलिवूडच्या पहिल्या फळीतल्या तारका तुमच्यासाठी पोस्ट टाकतात हे भांडवल नाही? त्याच वर्षी व्हायोला डेव्हिस आणि डॅनिएल डेडवायलर या अभिनेत्री नावं चर्चेत असूनही नामांकनाबाहेर राहिल्या. अकादमीला त्या प्रचाराची चौकशी करावी लागली. राइजबरोचं नामांकन राहिलं, पण प्रचाराचे नियम नंतर बदलले.

आणि तुम्ही मला पैशाबद्दल शिकवू नका. २००४ मध्ये 'श्वास' भारतातर्फे गेला तेव्हा मी कॉलेजात होतो. तिकडे मोहिमेला पैसे नाहीत म्हणून लोक वर्गणी काढत होते. आम्ही वर्गात डबा फिरवला. माझ्या मित्राने बसच्या पासचे पैसे टाकले आणि महिनाभर चालत आला. नामांकन मिळालं नाही. सिनेमा कमी पडला असं मला आजही वाटत नाही. तिथल्या मतदाराच्या कानावर त्याचं नाव दहा वेळा पडायला जे लागतं, ते आमच्या डब्यात मावणारं नव्हतं.

मध्यंतर:
हे काल लिहिलं असतंत तर मी हा धागा काढला नसता. बरं, पैसा नसेल तर दारही उघडत नाही, हे मान्य. दार उघडल्यावर मात्र तो मत देत नाही, यावर मी ठाम आहे. ओळखींचा मुद्दाही तुमचा, घ्या.

तिकीटबारी:
"घ्या" काय? उपकार नकोत. 'बघतच नाहीत' हे मी जरा जोरात लिहिलं होतं, ते 'पुरेसे बघत नाहीत' असं वाचा.

रीळवाली:
२०२१ मध्ये ध्वनीचे दोन पुरस्कार मिळून एकच केला, त्यावर इथे कुणी बोलणार आहे का?