पिकअप सेल्फ घेतेय पण स्टार्ट होत नाही. पंप-नोझल उतरवायच्या आधी काय तपासावं?

राऊ_मंडी_फेरी:

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल पिकअप, 2018 ची, बीएस 4, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी), चार सिलिंडर, 2.5 लिटर इंजिन, 1,40,000 किमी झालेली. राऊहून इंदूरच्या चोइथराम मंडीत रोज भाजी जाते.

आठवड्यापासून सकाळचा पहिला स्टार्ट लांबत होता. एकदा इंजिन सुरू झालं की दिवसभर अर्ध्या सेल्फला उठायची. आज सकाळपासून मात्र उठतच नाही. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी नवी आहे. सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही, काळा नाही की पांढराही नाही. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो, इमोबिलायझरचा (चोरी रोखणारं लॉक) दिवा लागून विझतो. टाकीत पाव टाकी डिझेल. डिझेल फिल्टर साधारण दहा दिवसांपूर्वी बदलला आहे.

मिस्त्री म्हणतो हाय प्रेशर पंप आणि चारही नोझल काढून देवास नाक्याला टेस्टिंगला टाकू. तो खर्च करायच्या आधी घरच्या घरी काय बघता येईल? मल्टीमीटर आहे, मोबाईलला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनरही आहे.

---

रेल_प्रेशर:

दादा, आत्ता काहीही उतरवू देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींनी शोध बराच आवळला गेलाय: धूर नाही, सकाळीच त्रास, फिल्टर नुकताच बदललेला.

आधी धुराचं बघू. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण पेटत नाही. मग ग्लो प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे), कॉम्प्रेशन, टायमिंग या वाटेने जायचं. धूर अजिबात नसेल तर नोझल डिझेल सोडतच नाहीत. त्याची कारणं मोजकी: ईसीएमला (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन फिरतंय हे कळत नाही, रेलमध्ये प्रेशर बनत नाही, किंवा ईसीएमला कुणीतरी रोखलंय. दिवा लागून विझतो म्हणजे इमोबिलायझर बहुधा बाजूला. चेक इंजिनचा दिवा लागतो म्हणजे ईसीएमला वीज पोचतेय, मेन रिले आणि त्याचा फ्यूज ठीक.

आता स्कॅनर लावा, लाइव्ह डेटा उघडा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि दोन वेळांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबायचं, नाहीतर सेल्फची वाइंडिंग तापते. तीन आकडे टिपून घ्या:

1. आरपीएम. सेल्फ फिरत असताना इथे 200 ते 300 दिसायला हवेत. शून्य दिसलं तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) किंवा त्याची वायर. दोन वायरींचा सेन्सर असेल तर प्लग काढून ओहम मोजा, बहुतेक ठिकाणी 800 ते 1000 च्या आसपास येतं. तीन वायरींचा असेल तर तो हॉल प्रकारचा, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला, त्याला ओहम मोजून काही कळत नाही. 5 किंवा 12 व्होल्टची फीड आणि अर्थ पोचतो का ते बघायचं.

2. रेल प्रेशर. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत 150 ते 200 बार झाल्याशिवाय ईसीएम नोझलना उघडायचा हुकूमच देत नाही. तुमचा आकडा 30, 50, 80 वर लटकत असेल तर नोझल चांगले असूनही गाडी उठणार नाही.

3. बॅटरी व्होल्टेज. सेल्फ चालू असताना 9.6 च्या खाली जायला नको. खाली गेलं तर कधीकधी ईसीएम मधेच रिसेट होतो आणि बाहेरून सेल्फ मात्र मस्त फिरताना दिसतो.

स्कॅनर रेल प्रेशर दाखवत नसेल तर रेलच्या टोकावरच्या तीन वायरींच्या सेन्सरवर मीटर लावा. प्लग जोडलेलाच ठेवायचा, मागच्या बाजूने पिन सरकवायची. एका वायरवर 5 व्होल्ट, एकावर अर्थ, तिसऱ्यावर सिग्नल. चावी ऑन, इंजिन बंद असताना सिग्नल साधारण 0.5 व्होल्ट. सेल्फ मारल्यावर तो 0.9 ते 1 च्या वर चढायला हवा. 0.5 वरच बसून राहिला तर रेल कोरडी आहे. आणि 5 व्होल्टच्या वायरवरच 5 नसतील तर कुठला तरी सेन्सर किंवा वायर ती फीड खाली ओढतेय; मग एकेक सेन्सरचा प्लग काढून बघायचं, कोणता काढल्यावर 5 परत येतात ते.

कोडही वाचा. पी 0335 क्रँक सेन्सर, पी 0340 कॅम सेन्सर, पी 0190 रेल सेन्सरची सर्किट, पी 0087 रेल प्रेशर कमी. पण पी 0087 आला म्हणून पंप गेला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कमी प्रेशर एवढंच तो कोड सांगतो. का कमी, ते आपण शोधायचं.

---

वायरिंगवाला_महू:

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

सेल्फचा आवाज नीट ऐका. चांगल्या इंजिनचा सेल्फ कॉम्प्रेशनवर अडून अडून फिरतो. तो एकसुरी आणि नेहमीपेक्षा हलका फिरत असेल तर टायमिंगची चेन किंवा बेल्ट तुटल्याची शंका घ्या आणि सेल्फ मारणं तिथेच थांबवा. ऑइल भरायचं झाकण उघडून हाताने इंजिन फिरवलं की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हलतो का ते दिसतं.

दुसरं, भाजीच्या गाडीत उंदीर येतातच. क्रँक सेन्सरची वायर गिअरबॉक्सजवळून खाली येते तिथे आणि एअर फिल्टरच्या डब्यात नजर टाका. आत घरटं असेल तर इंजिनला हवाच मिळत नाही.

एक कळकळीची विनंती: स्टार्टिंग स्प्रे मारू नका. ग्लो प्लग लाल असताना इथर इनटेकमध्येच पेटतं. पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) फुटलेली इंजिनं अशाने वर्कशॉपला येतात.

---

राऊ_मंडी_फेरी:

आकडे घेतले. सेल्फवर 240 आरपीएम, बॅटरी 10.6 व्होल्ट, रेल प्रेशर 35 ते 60 बार, त्यावर जात नाही. कोड एकच, पी 0087. सेल्फ अडून अडूनच फिरतो, कॅम हलतो, एअर फिल्टर स्वच्छ. आता पंपच ना?

---

रेल_प्रेशर:

अजून नाही. पंपापर्यंत डिझेल अखंड पोचतं का, हे आधी ठरू द्या. या प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत टाकीत मोटर नसते. हाय प्रेशर पंपाच्या मागचा छोटा गिअर पंप टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढतो. म्हणजे टाकी ते पंप ही सगळी लाइन ओढीवर असते. तिथे कुठे बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि लोक लाइनवर शंका घेत नाहीत. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा जाऊन डिझेल टाकीकडे उतरतं. टाकी जितकी रिकामी आणि गाडीचं नाक जितकं चढावर, तितकं जास्त. सकाळी गिअर पंप हवा ओढत बसतो. दिवसा लाइन भरलेली असते म्हणून गाडी लगेच उठते. तुमची आठवडाभराची लक्षणं नेमकी हीच आहेत.

तपासायची पद्धत:

फिल्टर ते हाय प्रेशर पंप या लो प्रेशर पाइपच्या जागी हातभर पारदर्शक डिझेल पाइप घाला, दोन्हीकडे क्लिप आवळून. फिल्टर हेडवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. मग सेल्फ मारून पाइपकडे बघा. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे चालतात, ते भरताना अडकलेले असतात. पण बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर हवा येतेय. मग तोच पाइप फिल्टरच्या आधी, टाकीकडून येणाऱ्या बाजूला लावा. इथे डिझेल स्वच्छ आणि नंतर बुडबुडे असतील तर फट फिल्टर हेडमध्येच. आधीही बुडबुडे असतील तर टाकीकडची रबर होज, तिची क्लिप किंवा टाकीतल्या पिकअप पाइपला गेलेली चीर.

शंका राहिली तर पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन कॅन इंजिनच्या उंचीवर ठेवा आणि त्यातून थेट फिल्टरच्या इनलेटला पाइप द्या. गाडी उठली तर टाकीकडची लाइन दोषी. कॅन रिकामी होऊ देऊ नका, रिटर्न टाकीत जात असतो.

डिझेल अखंड आणि बिनबुडबुड्याचं येतंय, तरी 60 बारच? तेव्हा कुठे पुढची पायरी. नोझलच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा, दहा सेकंद सेल्फ मारा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर तो नोझल रेलचं प्रेशर रिटर्नला पाजतोय, तेवढा एकच काढायचा. चारही जवळजवळ कोरड्या असतील तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा), त्याचा ओहम साधारण 2.5 ते 3.5, आणि रेलच्या टोकाचा प्रेशर लिमिटर (जादा दाब सोडणारा) बघायचा. पंप सगळ्यात शेवटी.

---

वायरिंगवाला_महू:

आणि भिया, जुन्या गाड्यांसारखं नोझलचं स्टीलच्या पाइपचं नट ढिलं करून एअर काढायला जाऊ नका. कॉमन रेलमध्ये इंजिन उठलं तर त्या फटीतून शेकडो बारची धार येते, ती कातडीच्या आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं पण आत डिझेल मांस नासवतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल. हवा लो प्रेशर बाजूनेच, हातपंपाने काढायची.

---

राऊ_मंडी_फेरी:

फिल्टरच्या आधी डिझेल स्वच्छ, फिल्टरनंतर बुडबुड्यांची माळ. फिल्टर उतरवला तर वरची ओ-रिंग एका बाजूला चिरडलेली आणि खोबणीत जुन्या रिंगचा तुकडा चिकटलेला. खालच्या पाणी काढायच्या स्क्रूचं वॉशरही कडक झालंय. आता बसवताना काय काळजी घेऊ?

---

रेल_प्रेशर:

तर मग हेच. खोबणी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नको. ॲल्युमिनियमला ओरखडा गेला तर नवी रिंगही हवा आत घेणार. पुसायला सूत न सुटणारं कापड घ्या. नवी ओ-रिंग फिल्टरबरोबर आलेलीच वापरा. बाजारातली साधी पाण्याच्या नळाची रिंग डिझेलमध्ये फुगते. रिंगला स्वच्छ डिझेलचा हात लावा, खोबणीत वळ न पडता बसली का बघा. फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. पाना लावून आवळला की रिंग चिरडते, तुमची बहुधा तशीच गेली. खालच्या स्क्रूचं वॉशर बदलाच, आणि त्याच वेळी कपातलं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. तळाला पाणी बसलं तर टाकीही साफ करावी लागेल.

फिल्टर डिझेलने आधीच भरून बसवायची सवय कॉमन रेलला घातक आहे. वरून ओतलेलं डिझेल स्वच्छ बाजूत जातं आणि त्यातला कण थेट पंपात पोचतो. रिकामा बसवा आणि हातपंपाने भरा. कडक व्हायला तीस-चाळीस दाब लागतात, धीर धरा. मग दहा-दहा सेकंदांचे सेल्फ, मधे अर्धा मिनिट विश्रांती. इंजिन उठल्यावर 1200-1500 आरपीएमवर दोन मिनिटं धरा, उरलेली हवा रिटर्नमधून निघून जाईल. शेवटी पी 0087 पुसून टाका.

खरी परीक्षा उद्या सकाळी. चावी लावायच्या आधी हातपंप दाबून बघा. एक-दोन दाबांत कडक झाला तर लाइन रात्रभर भरलेली राहिली. दहा-बारा दाब लागले तर अजून एखादी फट शिल्लक आहे. हातपंपाचा स्वतःचा डायफ्रामही हवा घेतो, तो बघा. लाइनमध्ये वन-वे व्हॉल्व्ह टाकून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. त्याने सकाळचा त्रास दबतो, पण फट तशीच राहते आणि गिअर पंपाला ओढायला जास्त जोर लागतो. भरलेल्या गाडीत मांडूच्या घाटासारख्या चढावर तेच प्रेशर कमी पडून गाडी दम सोडते.