मदत हवी आहे: बुजऱ्या घोडीच्या चंदीत काय बदलू?

घोडी ९ वर्षांची, वजन अंदाजे ४५० किलो. खोगीर दिसलं की नाकपुड्या फुगतात, लीद पातळ होते. ताडपत्री फडफडली तरी बुजते. डॉक्टरांनी दात, पाठ तपासली, एंडोस्कोपीत अल्सरही नाही. दोन महिन्यांपूर्वी ओट्स ४ किलोंवरून हळूहळू दीडवर आणले, वाळलं गवत ९ किलो केलं. तबेल्यात शांत झाली, स्वारीत नाही. मग ३ आठवडे मन शांत व्हावं म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर दिली. फरक शून्य, शिवाय पावडर ओठांनी बाजूला सारून चंदी तेवढी खाते! स्पर्धेत उतरवायची आहे, त्यामुळे व्हॅलेरियनसारखं (शांत करणारी वनस्पती) स्पर्धेच्या बंदीतलं काही नको. व्हिटॅमिन बी१ किंवा ट्रिप्टोफॅनचा (एक अमिनो आम्ल) शांत करायला कुणाला खरंच उपयोग झालाय का, किती दिवसांत? आणि वजन न उतरता उरलेले ओट्सही बंद करायचे तर तेल बरं की बीटचा चोथा?