मॅनेजरला किती वेळ द्यायचा? आपण फॅन्स जास्तच मागतोय का?

जुळेसोलापूर_रेड
मी २००८ पासून मँचेस्टर युनायटेड बघतो, मॉस्कोची ती चॅम्पियन्स लीगची फायनल, चेल्सीचा टेरी पेनल्टी मारताना घसरला तेव्हापासून. शनिवारी मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही सात-आठ जण जमतो आणि पहिला गोल खाल्ला की ग्रुपवर सुरू, हाकला ह्याला. आपला जुना मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, फर्गसन २०१३ ला गेला त्यानंतर मोयेसला सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत काढला, व्हान खालनं २०१६ ला एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला घरी पाठवला, मग मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम. आलेल्या प्रत्येकाला आधी आपणच डोक्यावर घेतलं आणि वर्षभरात आपणच शिव्या घातल्या. मला मनापासून विचारायचंय, चूक नक्की कुणाची? आता मला ह्याचा त्रास व्हायला लागलाय.

गनर_सातरस्ता
भावा, आमच्या आर्सेनलकडं बघ. २०२१-२२ च्या पहिल्या तीन मॅच हरलो, एक गोल नाही, मँचेस्टर सिटीनं पाच घातले, टेबलात सगळ्यात खाली. त्याच्या आधी दोन सीझन आठवे आलो होतो. तेव्हा मॅनेजर आर्टेटाला काढा म्हणून मीच रात्री दोन वाजता लांबलचक पोस्ट टाकली होती, ती आज वाचवत नाही. पुढं २०२३, २४, २५ सलग तीन वर्षं दुसरे आलो, तरी लोक म्हणायचे दुसरा म्हणजे फेल. आठव्यावरून दुसऱ्यावर यायला काय लागतं ह्याचा विचारच कुणी करत नाही.

जुना_प्रेक्षक
पोरांनो, फर्गसन १९८६ च्या नोव्हेंबरला आला. १९८९-९० ला युनायटेड लीगमध्ये तेरावी आली. डिसेंबर ८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर बॅनर लागलं होतं, तीन वर्षं नुसती कारणं सांगतोय म्हणून. जानेवारीत एफए कपात नॉटिंगहम फॉरेस्टला १-० हरवलं आणि मेमध्ये तो कप जिंकला. लीगची ट्रॉफी मिळायला १९९३ उजाडलं, म्हणजे साडेसहा वर्षं. आज कुठला मालक थांबेल?

अक्कलकोटरोड_९
काका, मान्य, पण फर्गसनचं उदाहरण प्रत्येकाला लावून चालत नाही. थांबलं म्हणजे कप येतोच असं काय नाही. पोस्टेकोग्लूनं २०२५ ला टॉटनहॅमला युरोपा लीग मिळवून दिली, १७ वर्षांतली पहिली ट्रॉफी, मला पण लई आनंद झाला, पण लीगमध्ये ३८ पैकी २२ मॅच हरून सतरावे आले, त्याला काढलं ते मला पटतं. मला राग येतो तो वेगळ्याचा. प्लेअर घेणारा डायरेक्टर वेगळा, पैसा सोडणारा मालक वेगळा, आणि हरलं की कॅमेऱ्यापुढं बसणारा एकटा मॅनेजर. मग आपण पण त्यालाच धरतो, कारण दिसतो तोच.

पोरांचा_कोच
मी इथं सकाळी शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवतो म्हणून सांगतो. प्रेसिंग म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावायला अंगावर जाणं, ते नुसतं पळणं नव्हे बे, एक जण बॉलवर गेला की बाकीच्यांनी त्याच्यामागची जागा भरायची, एक जण जरी थांबला तरी समोरच्याला मोकळी वाट मिळते. माझ्या पोरांना एवढं एकच बसवायला सहा महिने गेले आणि आईबाप महिन्याभरात विचारायलालेत, सर आमचा पोरगा गोल का करेना. मोठ्या क्लबचं तर अजून अवघड, युरोपात खेळत असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मॅच, मधल्या दिवसांत पाय मोकळे करण्यापलीकडं काय होत नाही. अमोरिम तर २०२४ च्या नोव्हेंबरला, सीझन चालू असताना आला आणि तीन डिफेंडरची नवी पद्धत बसवायला लागला, दुसऱ्याच्या पद्धतीसाठी घेतलेल्या प्लेअर्सना घेऊन. त्या वर्षी पंधरावे आले ते वाईटच, पण त्याच्याकडून लगेच टॉप फोर, म्हणजे टेबलात पहिल्या चारांतली जागा, मागणं मला अन्याय वाटतो.

जुळेसोलापूर_रेड
सर, मग स्कोअर सोडून बघायचं काय? हा माणूस ठेवावा का नाही ते कशावरून ठरवायचं?

पोरांचा_कोच
बॉल गेल्यावर पहिले पाच सेकंद बघ, सगळे एकदम हलतात का प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघतो. तीच चूक ऑगस्टमध्ये होती आणि फेब्रुवारीत पण आहे का ते बघ. विशी-बाविशीतली पोरं वर्षभरात सुधारली का बघ. ह्यातलं काहीच हलत नसेल तर काढा म्हण, मी पण तुझ्यासोबत म्हणतो. एका शनिवारी गोल खाल्ला म्हणून नको.