मदत हवी: लाइटवालं पुश बटण, ईएसपी३२ आणि विहिरीवरची मोटर

नमस्कार मंडळी,

निफाडजवळ मळ्यात आमची द्राक्षबाग आहे, मी नोकरीला अंबडला. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस रात्रीच येते. मग अण्णा बॅटरी घेऊन विहिरीवर जातात आणि अंधारात स्टार्टर चालू करतात. म्हणून पडवीतच बटण द्यायचं ठरवलंय. १६ मिमीचं, धातूचं, कडेनं हिरवी रिंग पेटणारं. लाईट आली की रिंग मंद, मोटर चालू असली की पूर्ण. मोबाईलचं ॲप अण्णांना नकोय आणि मला त्यांचं पटतं. चिखलाच्या हातानं दाबता येईल अशी एकच गोष्ट पाहिजे.

बटणाला मागे पाच पिना आहेत: सी (कॉमन), एनओ (एरवी उघडा, दाबल्यावर जुळणारा), एनसी (एरवी जुळलेला) आणि दिव्याच्या प्लस-मायनस. ईएसपी३२ (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) मोटरीच्या खोलीत आहे.

बटणावर १२ व्होल्ट लिहिलंय. बोर्डाच्या ३.३ व्होल्टवर रिंग पेटतच नाही, ५ वर जेमतेम. १२ वर छान पेटते, मीटरवर साधारण १५ मिलिअँप दिसतात. बटण उघडून आतला रेझिस्टर बदलावा का?

दुसरी अडचण जास्त त्रासाची आहे. मोटर बंद करताना काँटॅक्टर (स्टार्टरमधला, मोटरीची लाईन जोडणारा-तोडणारा स्विच) सुटला, की कुणी हात न लावता प्रोग्रामला बटण दाबल्यासारखं दिसतं आणि मोटर परत चालू होते. एरवीही क्वचित होतं. बटणाची वायर मोटरीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून आलीये. बटण बोर्डाच्या जीपीआयओ ३४ या पिनेवर, इनपुट पुलअप (पिन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर), ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (बटणाची थरथर प्रोग्राममध्ये गाळणं). गोडी छाटणी तोंडावर आलीये, त्याआधी हे बसवायचंय. कृपया सांगा.

उत्तर

बटण उघडू नका, बटण बरोबर आहे. रिंगचं प्लस थेट १२ व्होल्टला द्या, मायनस बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला. बेसला पिनेतून १ किलोओहम. १५ मिलिअँप त्याला सहज झेपतात आणि मंद-पूर्ण प्रकाश पीडब्ल्यूएमनं (पिन भराभर चालू-बंद करून) मिळेल. दिव्याच्या पिना स्विचपासून वेगळ्या असतात, त्यामुळे १२ व्होल्ट बोर्डाच्या इनपुटवर येत नाहीत.

आता खोटं दाबणं. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअप नसतोच. कोडमध्ये लिहिला तरी पिन अधांतरीच राहते, आणि मोटरीच्या केबललगतची लांब वायर तिथं अँटेनाचं काम करते. नुसता बाहेरून रेझिस्टर लावून थोडा फरक पडेल, पण मी तेवढ्यावर थांबणार नाही. बटणातून १२ व्होल्ट फिरवा आणि बोर्डापाशी पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन सर्किट वेगळी ठेवून उजेडानं सिग्नल देणारा भाग) लावा, २.२ किलोओहम सिरीजमध्ये. जवळपास ५ मिलिअँप वाहतात, आणि एवढा करंट किरकोळ गोंगाटातून तयार होत नाही. ऑप्टोच्या आउटपुटला ३.३ व्होल्टकडे १० किलोओहमचा पुलअप हवाच. वायर पीळ दिलेली घ्या आणि मोटरीच्या पाइपातून बाहेर काढा. काँटॅक्टरच्या कॉइलवर तिच्या व्होल्टेजला चालणारा तयार आरसी स्नबर (उसळी शोषणारा रेझिस्टर-कपॅसिटर) बसवा, ठिणगीचा उगमच मवाळ होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोर्डानं रिलेला हुकूम दिला म्हणून रिंग पूर्ण पेटवू नका. ओव्हरलोड ट्रिप झाला तर मोटर बंद आणि रिंग पेटलेली, असं होईल. पाणी चालू आहे असं समजून अण्णा झोपतील आणि बाग कोरडी राहील. काँटॅक्टरचा मोकळा ऑक्झिलरी एनओ काँटॅक्ट (काँटॅक्टर ओढला की जुळणारा जादा छोटा स्विच) दुसऱ्या ऑप्टोतून बोर्डाला द्या, रिंग त्यावरून पेटवा. स्टार्टरचं लाल बटण आणि ओव्हरलोड रिले कॉइलच्या वाटेत आहेत तसेच राहू द्या, बोर्डाला बायपास करू देऊ नका. मोटरीला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचाच, रिंग विझलेली दिसली तरी.

धागाकर्ता

मनापासून आभार. ऑक्झिलरी काँटॅक्टचं डोक्यातच नव्हतं, काँटॅक्टरला एक रिकामा आहे. एकच शंका: बोर्ड रिसेट होताना रिंग क्षणभर लुकलुकते, ते कशानं थांबेल?

उत्तर

बीसी५४७ च्या बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम लावा. रिसेटच्या वेळी पिन मोकळी असते, तेव्हा ट्रान्झिस्टर बंद राहील. मोटरीच्या रिलेच्या ट्रान्झिस्टरलाही तसाच लावा, तिथं तो जास्त गरजेचा आहे. आणि यातलं काही जीपीआयओ ० किंवा १२ वर घेऊ नका, चालू होताना बोर्ड त्या पिना वाचतो.