सिंगापूरचं जुनं नॅशनल स्टेडियम पाडलं का? काकांच्या फोटोवरून पडलेला प्रश्न

डिचोलीकर_बाब
मंडळी, चवथीआधी घर साफ करताना थोरल्या काकांची पेटी उघडली. काका बोटीवर होते, जुने तारवटी. तर आत एक फोटो मिळाला, काका बुशशर्ट घालून एका भल्यामोठ्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर उभे, हातात कागदाची पुडी, आणि फोटोच्या मागे फक्त "कलांग, सिंगापूर, १९८०". काकांना विचारलं तर म्हणतात फुटबॉल बघितला, दोन दिवस कान बसले होते, बाकी काही आठवत नाही. मी नेटवर कलांग शोधलं तर घुमटासारखं भलतंच काहीतरी दिसतं. मग जुनं कुठे गेलं? पाडलं असेल तर का, एवढं काय जुनं होतं ते?

फोंड्याचो_मास्तर
पाडलं रे, २०१० ला सुरुवात केली आणि २०११ पर्यंत सगळं सपाट. उघडलं होतं जुलै १९७३ ला, तेव्हाचे पंतप्रधान ली कुआन यू यांच्या हस्ते, म्हणजे चाळिशीसुद्धा गाठली नाही बिचाऱ्याने. ५५ हजार माणूस बसायचा.
पैसा कुठून आला ते ऐक. तिथे बेकायदा जुगार बोकाळला होता म्हणून सरकारने १९६८ ला स्वतःचीच लॉटरी कंपनी काढली आणि त्या लॉटरीच्या पैशातून स्टेडियमचा बराचसा खर्च निघाला. आपल्याकडे मटक्याच्या पैशाचं असं काही केलं असतं तर आज वाड्यावाड्यावर एकेक स्टेडियम असतं 😀
उघडलं त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे आग्नेय आशियाच्या स्पर्धा झाल्या, नंतर १९८३ आणि १९९३ ला परत. राष्ट्रीय दिनाची परेड तर १९७६ ते २००६ मध्ये मिळून १८ वेळा. १९८६ ला पोप जॉन पॉल दुसरे यांचा मिस्सा (ख्रिस्ती प्रार्थनाविधी) तिथेच, त्याच वर्षी फेब्रुवारीत ते आपल्या पणजीच्या कांपालला येऊन गेले होते. १९९३ ला मायकल जॅक्सन. एकच मैदान, आज भालाफेक, उद्या मिस्सा, परवा मूनवॉक.

कलांगवाला_गोंयकार
मी इथेच नोकरीला आहे, १२ वर्षं झाली. काकांचे कान बसले ते खरंच असणार, त्या आवाजाला इथे नावच आहे, 'कलांग रोअर'. सिंगापूर १९६५ ला मलेशियापासून वेगळं झालं तरी मलेशिया कप या फुटबॉल स्पर्धेत तिथल्या राज्यांच्या टीमांशी खेळत राहिलं, त्यामुळे त्या मॅचना भाऊबंदकीचा जोर असायचा, आपल्याकडे दोन वाड्यांची मॅच असते ना तसा. १९८० ला तर सिंगापूरने तो कप जिंकलाच, फायनल मात्र क्वालालंपूरला झाली होती, म्हणजे काकांनी आधीची एखादी मॅच बघितली असेल. सिंगापूरचा स्टार खेळाडू फांदी अहमद तेव्हा अजून पोरगाच, आमच्या ऑफिसातले म्हातारे अजून त्याचं नाव निघालं की चहा थंड करतात.
बसायला खुर्च्या नव्हत्या, लाकडी फळ्यांची बाकडी, आणि छप्पर फक्त एका बाजूच्या स्टँडवर. पाडताना त्यातल्या बऱ्याच फळ्या ठेवल्या, त्यांचे बाक करून ठिकठिकाणी लावलेत. आणखी गंमत, इथल्या मेट्रो स्टेशनचं नाव 'स्टेडियम', ते चालू झालं २०१० ला, म्हणजे स्टेशन आलं आणि स्टेडियम चाललं.

सत्तरीचा_जयसूर्या
अरे जयसूर्याने ४८ बॉलात सेंच्युरी मारली ती याच स्टेडियमवर ना? मी टीव्हीवर बघितली होती.

फोंड्याचो_मास्तर
नाही हो. ती १९९६ ला पाडांगवर, शहराच्या मधोमध जुना क्रिकेट क्लब आहे तिथे. १९९९ ला आपली टीम कलांगला खेळली, पण ते ग्राउंड वेगळं, स्टेडियम वेगळं. नाव सारखं म्हणून गोंधळ होतो.

मडगावचो_भुरगो
पण पाडायची काय गरज होती? आपलं फातोर्डा १९८९ चं, तिथे वनडे पण झाल्या, फुटबॉल पण, २०१४ च्या लुसोफोनियाला (पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या स्पर्धांना) नीट केलं, २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कपसुद्धा झाला. पाडलं कुणी?

कलांगवाला_गोंयकार
फातोर्डाचंच उदाहरण घे की. २०१० ची भारत-ऑस्ट्रेलिया वनडे आठवते? एक बॉल पडला नाही, मी डबा घेऊन आत बसलो होतो, भिजलेल्या पोळ्या खाऊन घरी आलो. इथे तर बारा महिने पाऊस. त्यांना वरून बंद होणारं छप्पर हवं होतं आणि खेळाप्रमाणे पुढेमागे सरकणाऱ्या खुर्च्या, म्हणजे अॅथलेटिक्सचा ट्रॅक पण राहील आणि फुटबॉलला माणूस मैदानाजवळ पण बसेल. जुन्यात हे बसवणार कुठे. ३० जून २००७ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३-० ने हरून निरोप दिला, मग मंदी आली, काम रखडलं, ते रिकामं उभंच राहिलं आणि मध्ये मध्ये मॅचही होत राहिल्या. नवीन उघडलं २०१४ ला, घुमट ३०० मीटरच्या वर. आणि एवढं करून पहिल्याच वर्षी ब्राझील-जपान मॅचला मैदानात गवत कमी, वाळू जास्त. नेमारने त्या वाळूतच ४ गोल मारले.
मला विचाराल तर नवीन सोयीचं आहे, एसीची हवा येते. पण आवाज वर घुमटात फिरतो, अंगावर येत नाही.

डिचोलीकर_बाब
देव बरें करूं सगळ्यांचं. काकांना आत्ता सगळं वाचून दाखवलं. लॉटरी, पोप कशावर काही बोलले नाहीत, फळ्यांच्या बाकड्यांचं ऐकल्यावर मात्र सरळ होऊन बसले, म्हणे हो, मागे टेकायला काही नव्हतं, मागच्याचे गुडघे पाठीत लागायचे. आणि पुडीत शेंगदाणे होते, अर्धे गोल झाल्यावर सांडले.